एजंटांनी तसदी घेऊ नये

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर हल्ली अर्ध्यातच थांबते. उरलेला नमस्कार मनाने केला आहे, तो धरून घ्यावा.) इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझी खुशाली मी तुला विचारत नाही, कारण विचारली की तू "मला काय धाड भरली आहे" असं म्हणून फोन ठेवतेस आणि खरी बातमी मला तुझ्या शेजारणीकडून काढावी लागते. ती म्हणाली की गुडघा पुन्हा कुरकुरतोय. भाजी घेऊन वर येताना तू म्हणे प्रत्येक मजल्यावर कुणाच्या तरी दारात खुर्ची मागून बसतेस आणि बसल्या बसल्या त्या घरातलं भांडण सोडवून मगच उठतेस. भांडणं खुशाल सोडव, पण गुडघ्याकडे लक्ष दे.

विनंती विशेष, पत्र लांबणार आहे. चष्मा पुसून घे आणि पाठीशी उशी ठेव.

आमचा वरचा मजला रिकामा झाला हे तुला माहीत आहेच. चिरंजीवांची बदली झाली, सूनबाई आणि नात त्यांच्याबरोबर गेल्या आणि आमच्या डोक्यावर एकदम सामसूम झाली. नातीची तीनचाकी सकाळपासून वर गडगडायची तेव्हा मी खालून काठीने छत ठोकायचो. आता जेवताना आमची ही मध्येच हात थांबवून वर बघते, मीही बघतो, आणि मग दोघंही पुढचा घास घेतो. त्याच दिवसांत मी तुला म्हटलं होतं की ताई, तिकडे एकटी कशाला राहतेस, इकडे ये, वरचा मजला तुझाच समज. तू दोन वाक्यांत माझा निकाल लावलास. भावाच्या घरात आयतं बसून खाणार नाही, आणि या गुडघ्यांनी तुझा जिना चढणार नाही. (स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहतेस, पण ते जिने तुझे, त्यांच्याशी तुझं जमतं.) मला तेव्हा राग आला होता. तुला कळू दिला नाही, आता सांगून टाकतो. हिलाही वाईट वाटलं, पण ती नुसतीच "बघू" म्हणाली. मग ठरलं की वर माणसांचा वावर हा हवाच. ताई येत नाही तर परके का होईनात. जागा भाड्याने द्यायची.

इथपर्यंत आमच्या घरात एकमत होतं. भांडण लागलं ते पुढच्या मुद्द्यावर. ही म्हणाली एजंटाकडे देऊ. मी म्हणालो एजंट कशाला हवा? हा दरवाजा, ही खिडकी, हे स्वयंपाकघर, एवढं सांगायला परका माणूस आणायचा आणि वर त्याचे हात ओले करायचे? आपल्या घराबद्दल आपल्याइतकं कोणाला माहीत असणार? यावर ती म्हणाली की तीच तर भीती आहे.

तिचं म्हणणं तुला लगेच कळेल, कारण खोड आपल्या घराण्याची आहे. वस्तू दाखवण्याआधी तिचा दोष सांगायचा, ही आपल्या वडिलांची शिस्त. सायकल विकायला काढली तेव्हा गिऱ्हाईक सीटवर बसायच्या आत त्यांनी त्याला ब्रेक, चेन आणि पुढच्या चाकाची कर्मकहाणी ऐकवली आणि तो भला माणूस चालत घरी गेला. ती सायकल शेवटी आपणच मोडेपर्यंत वापरली. तुझ्या लग्नाची बोलणी चालू असताना त्यांनी तुझ्या सासऱ्यांना बाजूला घेऊन तुझा राग कसा असतो ते सविस्तर सांगितलं होतं. (सासरे तरीही हो म्हणाले, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. रागावू नकोस.) त्यात माझी सगळी नोकरी गेली पंपांच्या कारखान्यात, तपासणी विभागात. पंप चांगला चालतोय असं सांगायला मला कोणी पगार देत नव्हतं. गळतोय कुठे, ते सांगायला देत होतं. आता हा स्वभाव रिटायर होताना कारखान्यात जमा करून यायची सोय नसते.

तरी मी हट्टाने पाटी रंगवली. "वरचा मजला भाड्याने देणे आहे. एजंटांनी तसदी घेऊ नये." फाटकावर लावली आणि खाली फोन नंबर घातला. पहिल्या दिवशी जेवढे फोन आले ते सगळे एजंटांचे. कोणत्या एजंटांनी तसदी घेऊ नये असं म्हणायचंय, आमच्याबद्दल कोणी काही सांगितलं आहे का, अशी चौकशी प्रत्येकाने केली. एकाने तर पाटीचं अक्षर फार सुबक आहे, आमच्या ऑफिसची पाटी रंगवून द्याल का, असंही विचारलं. मी देणार होतो, पण हिने डोळे मोठे केले.

नंतर खरी माणसं येऊ लागली. आधी एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं. दोघं इतकी गोड होती की त्यांना फसवणं मला पाप वाटलं. म्हणून दार उघडण्याआधी जिन्यातच मी त्यांना सांगितलं की न्हाणीघराचा नळ उलटा फिरतो, उन्हाळ्यात पश्चिमेच्या खोलीत दुपारी बसवत नाही आणि गच्चीवरची टाकी भरताना घशात पाणी अडकल्यासारखा आवाज करते. त्यांनी माझे मनापासून आभार मानले आणि दाराला हातही न लावता खाली उतरली. त्यानंतर गाणं शिकवणाऱ्या एक बाई आल्या. त्यांना मी भिंती पातळ असल्याचं सांगितलं. माझा हेतू एवढाच होता, की वर गाणं झालं की ते आम्हाला खाली आयतं ऐकायला मिळेल. त्यांना तो टोमणा वाटला आणि त्या ताठ मानेने निघून गेल्या. ही त्या दिवशी माझ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजातून बोलत होती.

पण खरी हद्द झाली ती ग्रंथपालाच्या बाबतीत. मध्यम वयाचा, हळू बोलणारा, वृद्ध वडिलांना घेऊन राहणारा माणूस. सगळे दोष ऐकूनही त्याला जागा आवडली. म्हणाला, नळ उलटा फिरतो तर आपण हात उलटा फिरवू. असा भाडेकरू दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. ही लगबगीने चहा ठेवायला आत गेली. चहा झाला, बोलणं झालं, उद्या सामान आणतो म्हणून तो फाटकापर्यंत गेला, आणि तेवढ्यात मला आठवलं की जिन्याची मधली पायरी इतरांपेक्षा किंचित उंच आहे. मला राहवलं नाही. हाक मारून त्याला परत बोलावलं, फूटपट्टी आणली, पायरी मोजून दाखवली, आणि वडिलांचं वय लक्षात घेता नीट विचार करा असं सांगितलं. त्याने नीट विचार केला. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं बघत होती. ती म्हणाली, "तुम्ही घर दाखवत नाही. तुम्ही घराविरुद्ध साक्ष देता."

दुसऱ्या दिवशी तिने पर्स उचलली आणि ती वरच्या मजल्याची एक किल्ली बाजारातल्या एजंटाला देऊन आली. लपूनछपून नाही, मला सांगून. पाटी काढायची नाही, असंही बजावलं. तुमचा मार्ग तुम्ही चाला, माझा मी चालते, बघू कोणाला आधी माणसं मिळतात. ताई, आमच्या संसारात अशी उघड स्पर्धा कधी झाली नव्हती. मला चैन पडेना. हा एजंट लोकांना काय थापा मारत असेल, याची काळजी मला लागली. थापा मारून आणलेला भाडेकरू डोक्यावर येऊन बसला, की रोज एकेक थाप खाली आमच्याकडे वसुलीला येणार. तेव्हा मी ठरवलं की स्वतः गिऱ्हाईक बनून जायचं आणि त्याला रंगेहाथ पकडायचं.

चिरंजीवांचा काळा चष्मा मागे राहिला होता तो लावला, त्यावर टोपी घातली. आरशात मी स्वतःला ओळखलं नाही, म्हणजे वेष जमला होता. किल्ल्या बनवणाऱ्याच्या आणि झेरॉक्सवाल्याच्या मध्ये एक चिंचोळं दुकान आहे, तिथे तो बसतो. इस्त्रीचा शर्ट, समोर भिंतभर खिळे आणि प्रत्येक खिळ्याला कुणाच्या तरी घराची किल्ली. मला कशी जागा हवी असं त्याने विचारलं. मी मुद्दाम आमच्याच घराला चिकटेल असं वर्णन केलं. वरचा मजला, शांत वस्ती, दोनच माणसं. त्याने मान डोलावली, एक किल्ली काढली आणि मला स्कूटरवर मागे बसवलं.

आता पुढचं ऐक. त्याने मला कोणत्या रस्त्याने नेलं ते मला बराच वेळ कळलंच नाही. एक बाग लागली, दोन्ही बाजूंना सावली, बाकांवर गप्पा मारत बसलेली माणसं, मग शाळेचं मैदान. मी मनात म्हटलं, गावात इतकी छान वस्ती आहे आणि आपण कुठल्या भागात घर बांधून बसलो. एवढ्यात स्कूटर वळली आणि थेट आमच्या फाटकाशी, माझ्याच पाटीखाली थांबली. इतकी वर्षं मी बाजारातून गॅरेजच्या गल्लीने घरी येतो, कारण तो रस्ता जवळचा. बागेकडून येताना आमचं घर कसं दिसतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं. चांगलं दिसतं, ताई.

पाटीकडे बोट दाखवून तो हळूच म्हणाला, "मालक जरा तऱ्हेवाईक आहेत. भेटले तर नुसती मान हलवायची. मालकीणबाई मात्र समजूतदार आहेत." मी मान हलवली. दुसरं काय करणार?

जिन्याच्या त्या पायरीवर मी मुद्दाम अडखळलो. तो म्हणाला की म्हणूनच या जिन्यावर कोणी घाईघाईने चढत नाही आणि आजवर कोणी पडलेलं नाही. (हे खरं आहे. माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.) पश्चिमेच्या उन्हाचं काय, असं विचारलं, तर म्हणाला कपडे आणि वाळवण यांची इथे चिंता नाही. तेवढ्यात टाकी घोगऱ्या आवाजात बोलू लागली. आता हा काय करतो बघू या, म्हणून मी कान टवकारले. तर तो समाधानाने वर बघून म्हणाला, ऐकलंत, पाणी आलं, या घरात पाणी आलंय का हे उठून बघावं लागत नाही. सगळा वेळ मी एखादी थाप शोधत होतो आणि मला एकही सापडली नाही. जे मी सांगतो तेच तो सांगत होता, फक्त त्याच्या तोंडून ते घर राहण्यासारखं वाटत होतं. कारखान्यात असा माणूस मला भेटला असता तर मी गळके पंप पास केले असते.

मग त्याने मागची मोठी खिडकी उघडली, तिथल्या कट्ट्यावर मला बसवलं आणि जरा स्कूटर सावलीत लावून येतो म्हणून खाली गेला. मी बसलो. वरचा मजला म्हणजे मुलाचं राज्य, आपण कशाला लुडबुड करा, म्हणून मी नळ दुरुस्त करण्यापलीकडे तिथे कधी टेकलो नव्हतो. समोर शाळेचं मैदान, मधली सुट्टी झालेली, पोरांचा नुसता कल्ला. वारा सरळ अंगावर येत होता. आणि त्या आवाजात मला जाणवलं की इथे बसल्यापासून आपण एकदाही वर बघितलेलं नाही. बरं वाटलं. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

तो परत आला तेव्हा मी भान विसरून त्याला विचारलं की भाडं काही कमी होईल का. आणि ताई, मी त्याच्याशी घासाघीस केली. आमच्याच घराचं भाडं मी हिरीरीने खाली आणलं आणि जिंकल्याचा आनंदही झाला. त्याने मालकीणबाईंना फोन लावला. ही बाजारातून पिशवी घेऊन आली, जिना चढून वर आली, आणि टोपी आणि काळा चष्मा घालून कट्ट्यावर बसलेल्या नवऱ्याकडे बघत उभी राहिली. मला वाटलं आता हसेल किंवा रागावेल. तिने दोन्ही केलं नाही. तिने एजंटाला विचारलं, माणूस कसा आहे. तो म्हणाला, "सज्जन आहेत. थोडी खोड काढायची सवय आहे, पण तुमच्या मालकांशी छान जमेल."

ही म्हणाली, "जमेल हो. पण असे दोघं मला झेपायचे नाहीत."

त्यावर मी चष्मा काढला. एजंट जराही गडबडला नाही. साहेब, जागा पसंत पडली ना, मग आमचं काम झालं, असं म्हणाला. मी नाही म्हणू शकलो नाही. संध्याकाळी आम्ही दोघं चहाचे कप घेऊन पुन्हा वर गेलो आणि कट्ट्यावर शेजारी शेजारी बसलो. दिवे लागेपर्यंत बोलत होतो. मुलाबद्दल, नातीबद्दल, तुझ्याबद्दलही. शेवटी मी म्हणालो की आपणच वर राहायला येऊ या का. तिने लगेच हो म्हटलं नाही, जरा आढेवेढे घेतले, पण मी तिला पटवलं. पुढच्या आठवड्यात आम्ही बिऱ्हाड वर हलवलं. कपाट जिन्यात अडकलं तेव्हा एजंट स्वतः शर्टाच्या बाह्या वर करून हात लावायला आला. मधल्या पायरीवर तो मला म्हणाला, जपून, इथे पायरी उंच आहे.

तर अशी आम्ही बढती मिळवली. सकाळी मैदानावरच्या शिट्टीने जाग येते. ही खिडकीत बसून भाजी निवडते आणि कोणतं पोर कोणाला खेळायला घेत नाही याचा पूर्ण हिशोब तिच्याकडे असतो. टाकी भरली की आम्ही एकमेकांकडे बघून "पाणी आलं" म्हणतो. आता खालच्या मजल्याचं तेवढं ठरायचं आहे. बाकी सगळं ठीक. तब्येतीला जप. शेजारणीला माझा नमस्कार सांग, पण ती मला बातम्या देते हे तुला कळल्याचं दाखवू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. खालचा मजला स्वतः द्यावा की एजंटातर्फे, याबद्दल तुझं काय मत आहे? तू सगळ्या बिल्डिंगला सल्ले देतेस म्हणून विचारलं.

ता. क. २. वरचा ता. क. खोडणार होतो, पण खाडाखोड तुला आवडत नाही. खरं विचारायचं होतं ते असं. खाली एकही पायरी नाही. फाटकातून थेट घरात. मागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे खुर्ची टाकून बसता येतं. मला एजंटासारखं बोलता येत नाही, म्हणून सरळ लिहितो. ताई, तू ये. आता डोक्यावर कोणी नाही म्हणून नाही, तर पायाखाली कोणी नाही म्हणून मला चैन पडत नाही. आयतं बसायचं नसेल तर भाडं दे. पण भाड्याचं तुझ्याशी मी कसं बोलू? तू बोल.

ता. क. ३. वन्सं, हे अक्षर माझं. पाकीट मी चिकटवते आहे, म्हणून ह्यांना न विचारता लिहिते.

ह्यांनी वर जे लिहिलं आहे ते त्यांच्या समजुतीप्रमाणे खरं आहे. पण टोपी आणि चष्मा घालून ते एजंटाकडे जाणार हे मला किल्ली देतानाच माहीत होतं. इतकी वर्षं संसार केला आहे. एजंटाला मी आधीच सांगून ठेवलं होतं. बागेच्या रस्त्याने आणा, खिडकीशी बसवा आणि मधल्या सुट्टीच्या वेळी थोडा वेळ एकटं सोडा. मालकांबद्दल तो जे बोलला तेही माझेच शब्द, त्याने जरा सौम्य केले. तुम्ही जिन्याचं कारण दिलंत तेव्हाच माझ्या मनात आलं होतं की खालचा मजला मोकळा करायला हवा. पण मी नुसतं सांगून हे वर चढले नसते. तुमचेच भाऊ आहेत.

दुसरं कारणही तुमचं बरोबर आहे. मीही भावाकडे आयती राहिले नसते. म्हणून करार तुमच्या-माझ्यात. भाडं मी घेणार, दर महिन्याला, आणि सवलत देणार नाही. रक्कम एजंट ठरवेल. नणंद-भावजयांनी आपसांत बोलू नये अशा गोष्टींसाठीच तो असतो. रविवारी तो गाडी घेऊन तुमच्याकडे येईल. त्याच्याबरोबर या आणि जागा बघा.

तुम्ही नाही म्हणालात तर जागा दुसऱ्या कुणाला देईन, असं दटावून लिहायचं मनात होतं. पण ते खोटं होईल, वन्सं. मी ती रिकामीच ठेवीन.